मोहाखालची आग

पूर्वी शालवती नगरात दृढधन्वा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका अमात्याच्या कुळात जन्मले आणि पुढे स्वतःही अमात्य झाले. त्या जन्मी त्यांचे नाव वरुणदत्त. माणूस शांत, मनाने मऊ. खोड एकच, 'का?' विचारल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. पाऊस पडला तरी का, नाही पडला तरी का. राजाला उत्तरे आवडत आणि अमात्याकडे प्रश्नांचा सुकाळ, तरी दोघांचे बरे जमत असे.

एका चैत्रात नगराच्या उत्तरेकडच्या अरण्याला वणवा लागला आणि सात दिवस पेटत राहिला. धुराने नगर कोंडले, लेकरे खोकून बेजार झाली, रानडुकरे थेट उद्यानात शिरली आणि घरटी गमावलेले पक्षी राजवाड्याच्या छपरावर येऊन बसले. राजाचा संताप अनावर झाला. अरण्याच्या कडेला वीस घरांची एक वस्ती होती. मोहाची फुले, मध आणि कंद यांवर तिचे पोट चाले. "रानात राहतात तेच रान जाळतात," सेनापती म्हणाला. झाले, चौकशी संपली! येत्या पौर्णिमेला वीसही घरांना हद्दीपार हाकलावे, अशी राजाने आज्ञा दिली.

हद्दीपलीकडे पाण्याचा थेंब नसलेला माळ होता. ऐन उन्हाळ्यात तिथे पाठवणे म्हणजे म्हातारीकोतारी आणि तान्ही मुले मरणाच्या दारात नेऊन सोडणे.

"महाराज," वरुणदत्त म्हणाले, "आग लागली कशी, ते तर पाहू द्या."

"तुला नेहमी काहीतरी पाहायचेच असते," राजा म्हणाला. "पौर्णिमेपर्यंत पाहा."

हाताशी सहा दिवस होते. वरुणदत्त जळालेल्या रानात शिरले. कासवांच्या रिकाम्या पाठी राखेत पडल्या होत्या. त्यांचे डोळे काही स्वस्थ बसेनात. जाड सालीचे जुने वृक्ष शेंड्याला अजून हिरवे होते. रोपे मात्र एकही उरली नव्हती. त्यांनी तांब्यातले पाणी जमिनीवर ओतून पाहिले. ते मुरले नाही, राख घेऊन उताराने पळत सुटले. म्हणजे पावसाळ्यात ही सगळी माती नदीत जाणार आणि नगराच्या विहिरी गाळाने भरणार. आग विझली होती, पण तिचे काम अजून संपले नव्हते.

मग त्यांचे लक्ष दगडांकडे गेले. प्रत्येक दगड एकाच बाजूने काळा होता. असे का? ते बराच वेळ उकिडवे बसून राहिले, तेव्हा उमगले, की ज्या बाजूने आग आली तीच बाजू काळी पडली आहे. मग काय, त्या काळ्या बाजूंचा माग काढत ते तीन दिवस चालले आणि एका मोहाच्या झाडाखाली पोहोचले. तिथे पिंगा नावाची एक म्हातारी बसली होती. तिच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे फोड होते.

"आजी, इथली आग तुम्ही लावलीत?"

"लावली जी," ती लगेच म्हणाली. "दरसाल लावतो. मोहाखाली पाचोळा साचते, त्यात फुलं दिसत नाही. जाळला की भुई साफ होते, मंग येचता येते."

"आणि दरवर्षी रान जळते?"

"कायले जळंल? नाल्यापाशी जाते अन् आपसूक मरते."

"मग यंदा का नाही मेली?"

म्हातारीने त्यांना खालून वर न्याहाळले. "इतका शाना दिसतं तू, अन् मलेच विचारतं? तीन सालापासून आमच्या गुरांले रानात बंदी. गवत माह्या कमरेले लागलं होतं. दर फागुनात आमी सारे मिळून झाडूनझुडून पट्टा काढत होतो, बैलगाडीएवढा रुंद, आग पल्याड जाऊ नये म्हून. यंदा शिपायानं तिथूनबी हाकललं. मंग आगीले अडवन कोन?"

"बंदी कोणी घातली?"

"राजानं. कोन्या अमात्यानं सांगलं म्हंते, हरणांसाठी."

 ती आज्ञा वरुणदत्तांनीच सुचवली होती. हरणांना निवांतपणा मिळेल, मुबलक गवत मिळेल, असा विचार त्यांनी राजवाड्यात बसून केला होता. पावसालाही 'का' विचारणाऱ्या या माणसाने रानात राहणाऱ्या एकालाही काही विचारले नव्हते.

"आजी, तो अमात्य मीच," ते म्हणाले.

पिंगाने विचारले, "मंग रस्त्यानं हरणं भेटले का तुले?"

"नाही."

"मी लुगड्यानं इझवाले धावली," ती हात पुढे करून म्हणाली, आणि रडू लागली. वरुणदत्तांनाही रडू आवरले नाही.

पौर्णिमेला दरबार भरला. "सापडला अपराधी?" राजाने विचारले. पिंगाचे नाव घेतले असते तर ते खोटे ठरले नसते. अमात्यपद राहिले असते आणि तीन वर्षांपूर्वीच्या आज्ञेची कोणाला आठवणही झाली नसती.

"महाराज, ठिणगी एका म्हातारीची होती, ती दरवर्षी विझत असे," वरुणदत्त म्हणाले. "यंदा तिला तीन वर्षांचे गवत मिळाले. ते मी साठवले. हद्दपार करायचे तर मला करा."

 उत्तरे आवडणाऱ्या राजाने त्या दिवशी पहिल्यांदा प्रश्न विचारला, "मग आता काय करायचे?"

"गुरांना चरू द्या, वस्तीला पट्टा काढू द्या. मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडायचा, असे त्या म्हातारीने कबूल केले आहे. आणि पाऊस येण्याआधी उतारावर दगडांचे बांध घालायला माणसे हवीत."

राजाने वस्तीची शिक्षा रद्द केली. वरुणदत्तांकडून अमात्यपदाची मुद्रा मात्र काढून घेतली. वरुणदत्त त्याच दिवशी वस्तीवर राहायला गेले. पुढच्या फाल्गुनात पिंगाने त्यांच्या हाती खराटा दिला आणि तो नीट धरता येत नाही म्हणून दिवसभर त्यांची थट्टा केली.

ही कथा सांगून भगवंत बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. पिंगा म्हणजे सभेत सर्वांत मागे बसलेली ही वृद्ध भिक्षुणी. आणि वरुणदत्त मीच होतो. दुसऱ्याचा दोष शोधायला निघालो आणि वाटेत माझाच सापडला. तो मी लपवला नाही. हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."