गव्हाणीतलं आख्खं रताळं

रानाच्या अगदी कडेला एक गाव होतं. त्या गावात दोन जावांची मिळून एक गाय होती, पवळी. घरातलं दूधदुभतं सगळं तिच्या जिवावर. धार थोरली काढायची, वैरणपाणी धाकटी बघायची. "रताळी घालशील तर चिरून घाल गं बाई," असं सासू रोज बजावायची आणि धाकटी रोज "हो हो" म्हणायची.

एके दिवशी शेजारी नवी सून आली. आता अशा वेळी कुणाचा पाय घरात ठरतो? धाकटीनं विळी घेतलीच नाही. टोपलीभर रताळी आख्खीच गव्हाणीत ओतली आणि पळाली सून बघायला.

तिन्हीसांजेला परतली, तर गोठा गप्प. नुसता गोठाच नाही, सारी आळी गप्प. गावातल्या एकूण एक गुरानं रवंथ थांबवलं होतं. कुडापलीकडचे बैलसुद्धा पवळीकडे तोंड करून उभे होते.

पवळीनं मान लांब ताणली होती. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, डाव्या बाजूनं पोट टम्म फुगलं होतं. आणि डोळे धाकटीवर.

"काय घातलंस हिला?" सासूनं विचारलं.

"रोजचंच की. भुसा." बोलता बोलता धाकटीच्याच घशात काहीतरी अडलं. आवंढा गिळला, पण ते खाली जाईना. तरी ती म्हणालीच, "जाऊबाई मघाशी टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, पवळी कशी भरलीय अंगानं!"

सासू थोरलीकडे वळली. "म्हणजे तुझीच नजर! गाय गेली ना, तर उद्या माहेरची वाट धर."

"आत्याबाई, मी कौतुकानं म्हणाले हो!" थोरलीला रडू फुटलं.

सासूनं पवळीला पाजायला तेल आणलं. तेवढ्यात वेशीजवळचा म्हातारा गुराखी दारात आला. त्याला कुणी बोलावलं होतं, देव जाणे.

"तेल ओतू नका! घसा बंद आहे, ते छातीत उतरेल. आधी सांगा, खाल्लं काय? भुशाचा बोळा असेल तर लाळेनं भिजून सुटेल, वाट बघू. पण आख्खं काही अडकलं असेल, तर हे फुगलेलं पोट तिला जगू द्यायचं नाही." मग तो धाकटीला म्हणाला, "काय पोरी, बघायची वाट?"

धाकटीनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. गळ्याला हात लावला, तर कातडीखाली वाटोळं, टणक काहीतरी लागलं. पवळीच्या गळ्यावर फुगवटा होता, तिथंच. पवळीची मान थरथरली की तेही थरथरे.

थोरलीनं डोळे पुसले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. "घाबरू नकोस गं. घोटभर पी."

पाणी ओठांवरून परत आलं. धाकटीच्या डोळ्यांतूनही आलं. साऱ्या अंगाचा जोर लावून ती बोलली, "रताळं... आख्खं. मीच घातलं. जाऊबाईंचा काही दोष नाही!"

घसा मोकळा झाला.

"पवळीचं तोंड खाली धरा," म्हातारा थोरलीला म्हणाला. त्यानं फुगवट्याच्या खालच्या अंगाला दोन्ही अंगठे लावले आणि बाहेरूनच ते रताळं हळूहळू तोंडाकडे सरकवत नेलं. पवळी खोकली. रताळं बदकन खाली पडलं. त्यावर दाताची एकही खूण नव्हती.

पवळीनं मोठी ढेकर दिली. कुडापलीकडे एक बैल रवंथ करू लागला, मग दुसरा, मग सारं गाव.

सासूनं थोरलीला जवळ घेतलं. धाकटीपुढे विळी आणून ठेवली.

तेव्हापासून धाकटी रोज विळीवर बसते आणि रताळ्याच्या बारीक फोडी करते. कधी आळसानं हात थांबला, की गोठ्यातलं रवंथही थांबतं. मान वर करून बघावं, तर सगळी गुरं तिच्याकडेच बघत असतात.

तात्पर्य काय, तर चूक झाली की ती वेळेवर सांगून टाकावी. आपण गिळलेलं खरं दुसऱ्याच्या गळ्याशी येतं.