गाडीतला अनाहत नाद

"कुठल्या कानाला ऐकू येतो म्हणालास?" बुवांनी विचारले. ते मठाच्या ओट्यावर गवारी मोडत बसले होते.

"कानाला नाही, बुवा. आतून येतो." हेरंबने आवाज शक्य तितका नम्र ठेवला. "फार बारीक. टिंग... मग जरा वेळानं पुन्हा टिंग. आठ दिवस झाले."

शहरातली मोठ्या पगाराची नोकरी सोडून हेरंब दीड वर्षापूर्वी टेकडीवरच्या या मठात आला होता. साधना पिकली की कोणीही न वाजवता वाजणारा अनाहत नाद ऐकू येतो, हे त्याने पोथीत वाचले होते. मठात वीस-वीस वर्षे झाडलोट करणाऱ्यांना तो कधी ऐकू आला नव्हता. ह्याला दीड वर्षात आला! असा माणूस जमिनीवर पाय टेकून उभा होता हेच नवल.

आता गुरुमंत्र मिळायला हरकत नाही, असे तो तोंडाने म्हणाला नाही. पण हात जोडून उभा राहिला तो त्याच तयारीने.

"ध्यानाला बसल्यावर येतो?"

"नाही... तेव्हा नाही."

"जेवताना?"

"गाडी चालवताना येतो, बुवा. घाटात मन फार एकाग्र होतं."

गवारी मोडणारा हात थांबला.

मठाची जुनी व्हॅन हेरंबच चालवत असे. आजही त्याला घाट उतरायचा होता. खालच्या गावात डोळ्यांची तपासणी होती, आणि स्वयंपाकघर सांभाळणारी गोदाक्का सहा म्हाताऱ्या माणसांना घेऊन अंगणात तयार बसली होती.

"गोदाक्का," बुवांनी हाक मारली, "गाडीत कसला आवाज येतो का?"

"येतोय की ओ बुवा! टिंग टिंग. आठवडा झाला की. मी म्हटलं, हेरंबदादांचा मोबाईल असंल."

हेरंबचे तोंड एवढेसे झाले. जो नाद योग्यांना जन्मभर खपून मिळत नाही, तो गोदाक्काला भाकरीचे पीठ मांडीवर घेऊन फुकटात ऐकू येत होता.

बुवा उठले. मठात येण्यापूर्वी तीस वर्षे ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. हे सगळ्यांना ठाऊक होते, पण हेरंबला त्यात सांगण्यासारखे काही वाटले नव्हते.

"चावी फिरव. इंजिन नको."

टिंग...

"दार नीट लाव."

त्याने आपटून लावले. टिंग...

"हँडब्रेक?"

"खाली आहे."

"दिवे?"

"बंद आहेत, बुवा."

टिंग...

बुवांनी डॅशबोर्डला कान लावला. गुरुपौर्णिमेला हेरंबने तिथे लाल मखमल चिकटवली होती, चांगली जाड. आवाज तिच्याखालून येत होता. म्हणून तर तो इतका बारीक होता. मखमलीच्या वर, वेगाच्या काट्यांच्या काचेवर, एक फोटो डकवलेला होता.

"हा कोण?"

"आपणच, बुवा. गाडी चालवताना नजर गुरूंवर राहावी म्हणून..."

बुवांनी नखाने स्वतःचा फोटो सोलून काढला आणि हेरंबच्या खिशात सरकवला.

फोटोच्या मागे काचेत लाल दिवा लागला होता.

"ब्रेक ऑइल," बुवा म्हणाले.

बॉनेट उघडले. ऑइलची डबी जवळजवळ कोरडी होती. मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेलाचा ओघळ आला होता. पाइपचा नट ढिला होऊन तिथून रोज थोडे थोडे तेल गळत होते.

हेरंबला कालचे वळण आठवले. पेडल जरा खोल गेल्यासारखे वाटले होते. पण तेव्हाच टिंग झाले होते आणि तो त्या नादात रमला होता. मागे आठ माणसे बसली होती... तो तिथेच मातीत बसला.

"बुवा, मी सगळ्यांना..."

"रड नंतर. पाना आण. आणि कपाटातली ब्रेक ऑइलची बाटली."

नट आवळला. तेल भरले. मग नळीत शिरलेली हवा काढायला बुवा स्वतः चाकाशी आडवे झाले, आणि हेरंब पेडलवर पाय ठेवून बसला.

"दाब."

त्याने दाबले.

"धर."

त्याने धरले.

"सोड."

पुन्हा दाब. पुन्हा धर. पुन्हा सोड... किती वेळा, ते त्याने मोजले नाही. खरे तर दीड वर्ष जपाच्या माळा मोजल्यावर पहिल्यांदाच तो काही मोजत नव्हता.

"कसला मंतर चाललाय म्हणायचा?" गोदाक्काने अंगणातून विचारले. हेरंबला हसू फुटले, आणि त्याच्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आले.

पेडल हळूहळू घट्ट झाले. त्याने चावी फिरवली. लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. टिंग नाही. बुवा शेजारी बसले आणि दोघांनी मठाच्या उतारावर गाडी तीनदा खाली नेली. तिन्ही वेळा ती म्हटल्या जागी थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा हेरंबने स्टिअरिंगवर कपाळ टेकले. आठ दिवस आपण गाडीतल्या माणसांचा जीव टांगणीला लावला होता आणि सगळी धडधाकट परत आली होती. याहून मोठी कृपा कसली? छातीवरचा दगड उतरावा तसे त्याला हलके वाटले. गुरुमंत्राची तर त्याला आठवणही राहिली नव्हती.

गोदाक्का म्हाताऱ्यांना एकेक करून गाडीत बसवू लागली. हेरंबने मखमल ओरबाडून काढली. मग त्याला खिशातला फोटो सापडला. कडा थोडी फाटली होती.

"बुवा... हा आता कुठे लावू?"

बुवा पुन्हा गवारीकडे वळले होते.

"बॉनेटच्या आत. ब्रेक ऑइलच्या डबीवर... रोज सकाळी दर्शन घेत जा."