कुंभारआळीतून कुणी आलंच नाही

फार पूर्वी नदीकाठच्या एका नगरात एक राजा राज्य करायचा. मनाने चांगला, पण भारी घाईचा. बाजारापासून नदीपर्यंत सरळ, रुंद रस्ता हवा असं त्याच्या मनात आलं. नगराची आखणी करणाऱ्या बाईंनी नकाशा काढला. रस्ता नेमका कुंभारआळीवरून जात होता.

दवंडी पिटली गेली, "ज्याची हरकत असेल त्याने उद्या सूर्यास्तापर्यंत दरबारात येऊन सांगावी." सावकार आले, पुजारी आले, पोटभर बोलले. कुंभारआळीतून चिटपाखरूही फिरकलं नाही.

मंत्री खूश. राजा शिंकला तरी शुभशकुन म्हणणारी ही मंडळी! "महाराज, कुंभारांची काही हरकत नाही. उद्याच्या मुहूर्तावर घरं पाडायला घेऊ."

आखणीकार बाई उठल्या. "ज्याचं घर पडणार, तो एक शब्दही बोलत नाही हे मला पटत नाही. मी विचारून येते. तोवर काम थांबवा."

"मुहूर्त टळला तर तुमची जागा दुसऱ्याला देईन," राजा चिडून म्हणाला.

"द्या," म्हणाल्या आणि निघाल्या. असा धीर सगळ्यांना कुठला!

आळीत जाऊन पाहतात तर मडकी भाजायचा आवा पेटलेला. आवा पेटला की तो निवेपर्यंत आळीतलं कुणी बाहेर पाऊल टाकत नाही, अशी कुंभारांची रीत. घरचं लग्नसुद्धा पुढे ढकलतात, तिथे दरबाराचं काय घेऊन बसलात!

"दवंडी ऐकली आम्ही," एक म्हातारी कुंभारीण डोळे पुसत म्हणाली. "पण निघणार कसे? आणि आम्हाला कोण विचारतंय, बाई? तुमचं तर सगळं ठरलंय."

"ठरलं असतं तर मी आले असते का, आजी?"

बाईंनी तिथेच जमिनीवर बसकण मारली. मुहूर्त टळला, तरी हलल्या नाहीत. आवा निवला तशी माणसं भोवती जमली. कुणाला माल न्यायला रस्ता हवाच होता, कुणी अंगणाची वीतभर जागा सोडायला तयार नव्हतं. खूप वादावादी झाली. शेवटी आळीनेच तोडगा काढला. आळीमागे फुटक्या खापरांचा मोठा ढीग होता. तो सपाट करून त्यावरून रस्ता न्यायचा.

"रस्ता वाकडा केलात?" ही बातमी कळताच राजा तणतणत आळीत आला आणि थबकला. ज्यांची घरं पाडायची होती, तेच कुंभार बायकापोरांसह घाम गाळून राजाच्या रस्त्याला जागा करत होते.

राजा ओशाळला. बाईंना म्हणाला, "तुमची जागा ज्याला द्यावी, असा माणूस माझ्या दरबारात नाही."

तात्पर्य: कुणी बोलायला आलं नाही म्हणजे त्याची संमती आहे असं धरू नये. ज्याच्या दारावरून रस्ता न्यायचा, त्याच्या दारी आधी आपण जावं.