देवकूची करवंटी

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मला ठाऊक नाही आणि मला सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. या गोष्टीत नवलाचंही आहे आणि लाजेचंही आहे. नवलाचं जे आहे ते ‘असं म्हणतात’ म्हणून सांगीन, मानायचं तर माना. लाजेचं आहे त्याला मात्र ‘असं म्हणतात’ लावायचं नाही. ते झालंच होतं, आणि आपल्याच माणसांनी केलं होतं.

आपलं पाटखोल तेव्हाही असंच डोंगराच्या कुशीत होतं. झऱ्याचं पाणी पाटाने घरोघरच्या दारावरून जायचं. प्रत्येक घरापुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्यात तुळस. आणि तेव्हाही चैत्रात गावपळण असायची. पाडवा झाला, गुढी उतरली, की दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाने घरदार सोडून शिवेबाहेर जायचं. गुरं, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातली पोरं, सगळं घेऊन जायचं. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची. शीव म्हणजे गावाखालचा वहाळ, ओढाच तो; त्या वहाळापलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी बांधून राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचा. देव आणि त्याचा राखणदार मोकळ्या गावातून फिरतात, आणि मागे जिवंत माणूस राहिलं तर नेम मोडतो, असं म्हणतात. देवाने कौल दिला की परत यायचं.

पोरांना तर पळण म्हणजे चैन. माळावर करवंदं, काजूची बोंडं, सुरंगीचा वास आणि अभ्यासाला कोणी बसवत नाही. मोठ्यांचीही गंमतच असायची. आता गंमत म्हटलं की माणसाचं लक्ष कुठे असतं, ते सांगायला नको.

तेव्हा गावात देवकू नावाची म्हातारी होती. तिचे पाय गेले होते. घरातल्या घरात ती हातांवर सरकत जायची, खळ्यापर्यंत जायला तिला अर्धी सकाळ लागायची. पण रोज जायचीच. पाटात करवंटी बुडवायची, तुळशीला पाणी घालायचं, हात जोडायचे. देवाकडे काय मागायची कोण जाणे. संध्याकाळी ओटीवर बसायची आणि वाटेने जाईल त्याला विचारायची, “जेवलंस मां रे?” उत्तर ऐकल्याशिवाय सोडायची नाही. लोक हसायचे. अजून दिवेलागण नाही, एवढ्यात कोण जेवतंय? पण विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

देवकूला तीन मुलगे. थोरला भिवा, मधला तातू, धाकटा धाकू. घर एकच, पण चुली तीन झाल्या होत्या. चुली तीन झाल्या म्हणजे म्हातारीचं काय करायचं हे ठरवावं लागतं, आणि त्यांनी ठरवलं होतं. म्हातारीची पाळी लावली होती. पाडव्यापर्यंत ती भिवाकडे जेवायची, पाडव्यानंतर तातूकडे, मग पावसाळा संपल्यावर धाकूकडे. गावात कोणाला यात वावगं वाटलं नाही. उलट, बरे मुलगे आहेत, आईला टाकली नाही, असंच सगळे म्हणायचे.

त्या वर्षी पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी ढोल वाजला. देवकूने सकाळीच आपलं गाठोडं बांधलं. एक लुगडं, एक घोंगडीचा तुकडा, कुंकवाचा करंडा. गाठोडं मांडीवर घेऊन ती मागल्या दारी सावलीत बसली, कोणीतरी उचलून गाडीत ठेवील म्हणून. पुढल्या दारी गाड्या भरत होत्या. भिवाच्या बायकोला वाटलं, आपली पाळी काल संपली, म्हातारी तातूच्या गाडीत असेल. तातूच्या बायकोला वाटलं, आपली पाळी परत आल्यावर सुरू व्हायची, आज ती भिवाच्याच गाडीत असेल. धाकूच्या घरी तर कोणाला काही वाटायचं कारणच नव्हतं. त्यांची पाळी लांब होती.

देवकूने हाका मारल्या असतील. ढोल मोठा होता.

संध्याकाळी खोपी बांधून झाल्या, पानं मांडली. तेव्हा धाकूची बायको शेवंती सहज म्हणाली, “आये खंय? तिका कोणी वाढल्यान काय?”

भिवाने तातूकडे बघितलं, तातूने भिवाकडे.

“माका वाटलां ती तुझ्या गाडयेत असा,” भिवा म्हणाला.

“आणि माका वाटलां तुझ्या.”

शेवंती उठली आणि तिने पदर खोचला. “मी जातंय. तिका घेऊन येतंय.”

“खंय जातंस?” भिवाने तिची वाट अडवली. आवाज खाली ठेवून म्हणाला, कारण शेजारच्या खोपीत माणसं होती. “कौल होयसर शीव ओलांडूची नाय. देवाचो नेम मोडतलो. आणि मागे माणूस रवलां ह्यां कळलां तर गाव आमकां वाळीत टाकतलो.”

धाकू काहीच बोलला नाही. बायकोच्या बाजूने नाही आणि भावाच्या बाजूनेही नाही. शेवंती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, आणि मग खाली बसली. आणि सगळे जेवले. हे मी मुद्दाम सांगतो. भात शिजला होता, वाढलेला होता, आणि ते जेवले. शेवंतीच्याही घशाखाली चार घास गेले. ती ते कधी विसरली नाही, आपणही विसरू नये.

दिवस गेले. माळावर ऊन तापत होतं. वहाळापलीकडे गाव दिसत होता, पण धूर नाही, हालचाल नाही. भिवा दुसरीकडे तोंड करून बसायचा.

कौलाचा दिवस आला. शिवेवर देवाचा पाषाण आहे, तोच आजही आहे. त्याच्या दोन्ही अंगांना सुरंगीचं ओलं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर गावात जा, डावं पडलं तर थांबा. गावकराने, म्हणजे गावाच्या मुख्य मानकऱ्याने, फुलं लावली, देवाला गाऱ्हाणं घातलं. डावं पडलं. पुन्हा लावली. पुन्हा डावं. उन्हाने पाषाण तापला, माणसं तापली, आणि फूल काही केल्या उजवं पडेना, असं म्हणतात.

गावकर लोकांकडे वळला. “कोणाक काय सांगूचां असात तर सांगा. कोणाचां तरी चुकलांसा.”

मग लागले लोक चुका सांगायला. एकीने येताना केरसुणी आणली होती. एकाने माळावर येऊन भावाला शिवी दिली होती. एका म्हाताऱ्याने चोरून विडी ओढली होती, पळणीत तंबाखू वर्ज्य असून. प्रत्येक चूक सांगून झाली की फूल लावायचे, आणि डावं पडायचं. भिवा आणि तातू मान खाली घालून उभे होते.

आता खरी लाज ऐका. त्या तिघा भावांची लाज ती एका घरची लाज. पण मला सांगा, एवढ्या दिवसांत एकाही संध्याकाळी कोणी “जेवलंस मां रे?” विचारलं नव्हतं, हे गावात कोणाच्या ध्यानात आलं नसेल? आलं होतं. घरोघरी आलं होतं. बायका पाण्यावर एकमेकींना म्हणाल्या होत्या, म्हातारी दिसत नाही ती. पुरुषांनी खोपीत डोकावून बघितलं होतं. आणि प्रत्येकाने मनात म्हटलं, तिचे मुलगे आहेत, ते बघतील, आपण कशाला तोंड घालायचं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे फुलाकडे बघत उभे होते. केरसुणीची कबुली दिली त्यांनी, म्हातारीची नाही.

शेवंती पुढे आली. गावकरापुढे बाईमाणसाने बोलायची तेव्हा रीत नव्हती. ती म्हणाली, “माझी सासू मागे रवली. आमी तिका इसारलों. आणि आठवण झाल्यार पण गेलों नाय.”

गावकराने तिच्याकडची नजर काढून पाषाणाकडे बघितलं. मग म्हणाला, “झालां तां झालां. पण कौल नाय तोवर शीव ओलांडता येणां नाय. देवाच्या गावात असा ती, देव बघतलो तिका. उद्यां परत फुलां लावया.”

आणि लोकांनी माना डोलावल्या. हो, डोलावल्या. माझा खापरपणजा त्यांत होता, तुमचेही होते.

शेवंतीने वहाळाकडे तोंड केलं आणि ती चालू लागली. धाकूने तिला धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तिचा पाय वहाळाच्या पाण्यात पडला आणि इकडे पाषाणावरचं उजवं फूल गळून गावकराच्या पायाशी पडलं, असं म्हणतात. फूल पडलं की नाही देव जाणे. पण सगळा गाव तिच्यामागे धावत सुटला एवढं खरं. कौल मिळाला म्हणून धावला, की तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणून, ते कोणी सांगितलेलं नाही.

गावात शिरले आणि सगळ्यांचे पाय जागच्या जागी थांबले.

चैत्राचं ऊन आणि इतके दिवस पाणी नाही, म्हणजे तुळशी करपायला हव्या होत्या. पण पहिल्याच खळ्यातली तुळस हिरवीगार होती. बुंध्याशी माती ओली. दुसऱ्या खळ्यात तसंच. तिसऱ्यातही. आणि वाटेच्या धुळीत एक खूण होती, गोणी ओढत नेल्यावर उमटते तशी. पाटापासून खळ्यात, खळ्यातून पाटाला, मग पुढच्या घरी. देवकू सरपटत गेली होती. एका वेळी एक करवंटी पाणी घेऊन, घरोघर. तिच्याशी ज्यांचं भांडण होतं त्यांच्याही दारी.

त्या खुणेच्या बाजूने धुळीत काठीचे वाटोळे ठसे होते, आणि पळणीत काठी घेऊन फिरणारा राखणदार तिच्यासोबत चालत होता, असं म्हणतात. इतके दिवस तिने काय खाल्लं? देवाने आपल्या पुढ्यातलं दिलं, असं म्हणतात. मला विचाराल तर कोणालाच ठाऊक नाही, कारण तिला ते विचारायला कोणाला तोंड नव्हतं.

गावकराचं घर सगळ्यांत उंचावर, दगडी पायऱ्यांचं. खूण त्या पायऱ्यांवरही गेली होती. एका पायरीच्या कडेला लुगड्याची चिंधी अडकली होती आणि तिच्यावर रक्त होतं. वर तुळस ओली होती. गावकर त्या पायरीवरच बसला आणि त्याने डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

देवकू आपल्या ओटीवर होती. बाजूला गाठोडं, अजून गाठ न सोडलेलं. हातात करवंटी. ओठ फुटलेले, कोपरं सोललेली. सगळा गाव खळ्यात जमला आणि कोणी पुढे होईना. तिने डोळे बारीक करून बघितलं, ओळख पटली, आणि म्हणाली, “इलात? तुळशींका पाणी घालूक माका ठेवलात, बरां केलात. ह्या उन्हात सुकल्यो असत्यो.”

मग मुलांकडे बघून तिने तिचं नेहमीचंच विचारलं. “जेवलात मां रे?”

जेवलो म्हणावं तर खरं, आणि तेच तर सांगता येत नव्हतं; नाही म्हणावं तर ते खोटं. भिवाने खांबाला डोकं लावलं आणि तो मोठ्याने रडला. शेवंतीने पाणी आणलं आणि करवंटी तिच्या हातातून सोडवून घ्यायला लागली, पण तिची बोटं वळून बसली होती.

तिला खरंच तसं वाटलं होतं, की आपल्याला पाण्यासाठी ठेवलंय? का पोरांची आणि गावाची लाज राखायला तिने वाटेत ते वाक्य जुळवलं? गावात यावर आजही वाद आहे. भोळी होती, तिला तसंच वाटलं, असं म्हणतात. मला नाही पटत. मागल्या दारी गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला सगळं कळतं.

त्यानंतर ती काही वर्षं जगली. पाळी मोडली. तिन्ही घरांतून तीन ताटं यायची आणि म्हातारी मूठभर खायची. उरलेलं कोणी टाकत नसे, गुपचूप आपापल्या घरी नेत. संध्याकाळी ओटीवरून ती विचारायची, “जेवलंस मां रे?” आता कोणी हसत नसे. पुष्कळ लोक तर लांबची वाट धरायचे. मग एका चैत्रात, गुढी उभी असतानाच, ती गेली.

आजही पाटखोलात पळण होते. गावातून पहिली बाहेर पडते ती सगळ्यांत म्हातारी बाई, खांद्यावरून. घराघरातली थकलेली माणसं तिच्यामागून. त्यानंतर गुरं, मग बाकीचे. दार ओढण्याआधी प्रत्येक घरची सून तुळशीपाशी पाण्याने भरलेली करवंटी ठेवते. आणि आईची पाळी लावलेलं घर या गावात तुम्हाला सापडायचं नाही. दुसरीकडे लावत असतील. आपल्याला तो शब्द काढायची सोय राहिली नाही.

माळावर पहिल्या संध्याकाळी पोरांना काय ते खायला देतात, पण मोठ्यांच्या चुली पेटत नाहीत. दिवे लागले की गावकराच्या घरची सून खोपीखोपीपुढे जाऊन उभी राहते आणि देवकूचा प्रश्न विचारते. “जेवलात मां?” घरातला कर्ता पुरुष बाहेर येतो, मान खाली घालतो आणि त्या तिघांना जे म्हणता आलं नव्हतं ते म्हणतो.

“नाय, आये.”