उगाच लटकणारे अरेस्टर

साहेब बदलले की शहाणपण पहिल्यापासून शिकवावं लागतं.

डोक्यावरची तार जिथे केबल होऊन जमिनीत शिरते, त्या खांबावर अरेस्टर असतात. त्यांच्यामुळे आभाळातली वीज कोसळली तरी केबल वाचते. नवे धोंगडेसाहेब म्हणाले, "इथे केबलला आजवर काही झालेलं नाही. उगाच लटकतायत. काढून टाका."

समजावून समजावून इंजिनीअर खोबरेबाई थकल्या. शेवटी त्यांनी साहेबांच्या गाडीच्या लिंबू-मिरचीला हात घातला.

"अहो मॅडम, हे काय!"

"गाडीलाही आजवर काही झालेलं नाही, साहेब. उगाच लटकतंय."

अरेस्टर राहिले.

शनिवारी साहेबांचा फोन आला, "मॅडम, खांबालाही एक लिंबू-मिरची बांधा."

एका साहेबाशी एकच भांडण, असं म्हणत बाईंनी लिंबू मागवलं.