रुमालाच्या गाठी

दूध संघाचे मॅनेजर कोंडेकर साहेब मुळातच संशयी. चहात साखर कमी पडली तरी त्यांना त्यात कुणाचा तरी डाव दिसायचा. त्यात हल्ली दर सोमवारच्या बैठकीत शीतगृहाच्या सुपरवायझर वाघचौरेबाई टेबलाखाली रुमालाला गाठ मारताना त्यांना दिसू लागल्या. साहेबांनी एखादा विषय 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणून बाजूला सारला, की बाईंची गाठ पडलीच! आपला गुडघा धरला तोही त्याच सुमारास, हे आठवून साहेबांना घाम फुटला.

एका सोमवारी संघाचे अध्यक्षही बैठकीला आले होते. साहेब ताडकन उठले.

"बाई, काढा तो रुमाल! माझ्यावर करणी करताय? आत्ताच्या आत्ता सगळ्या गाठी सोडा, नाहीतर उद्यापासून घरी बसा!"

बाईंनी रुमाल टेबलावर ठेवला. गाठींनी तो पार आक्रसला होता.

"साहेब, ही शीतगृहाच्या न लागणाऱ्या दाराची. ही रात्रपाळीच्या बायकांना गाडी नाही, त्याची. मी मांडलेला विषय तुम्ही पुढे ढकललात, की विसरू नये म्हणून एक गाठ मारते."

"ते मला सांगू नका. गाठी सोडा!"

"माझ्या एकटीच्यानं सुटल्या असत्या, तर बैठकीत कशाला आणल्या असत्या?"

अध्यक्षांनी रुमाल साहेबांपुढे सरकवला. "कोंडेकर, घ्या सोडवायला."

साहेब गडबडले आणि सवयीनं बोलून गेले, "पुढच्या बैठकीत बघू."

अध्यक्षांनी खिशातून स्वतःचा रुमाल काढला आणि साहेबांकडे बघत त्याला एक गाठ मारली.