राणीमहालातली थंडी

धुकेगडच्या राणीसाहेबांनी सकाळी तांब्या उपडा केला, तर पाणी पडेचना. आत गोठून बसलं होतं. राणीसाहेब तशाच तीन गोधड्या पांघरून दरबारात आल्या आणि म्हणाल्या, "राणीमहालात थंडी आहे."

"थंडी?" रणधीरराजे कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "प्रधानजी, तुम्हाला वाटते का थंडी?"

"छे, महाराज. इथे तर उकडतंय."

"ऐकलंत? आमच्या राज्यात तक्रार सिंहासनासमोर हजर झाल्याशिवाय खरी धरत नाहीत. थंडीला आणा माझ्यासमोर. मग बघतो."

आता गंमत अशी, की महालात ऊब आणायला एक सोडून दोन सोयी होत्या. पहिली म्हणजे परदेशी सौदागराकडून घेतलेला हीट पंप. ओढ्यावरच्या पाणचक्कीवर चालणारं हे यंत्र बाहेरच्या गार हवेतूनसुद्धा उष्णता ओढून घ्यायचं आणि नळ्यांवाटे सगळ्या दालनांत पोचवायचं. कसं, ते सौदागराने समजावलं तेव्हा अख्ख्या दरबाराने माना डोलावल्या होत्या. म्हणजे कळलं कुणालाच नव्हतं. फार कडाका पडला की यंत्र कमी पडे, म्हणून दुसरी सोय केली होती, लाकडं जाळायची बिडाची चूल.

चूल राजांनी सिंहासनाशेजारी बसवली, गुडघ्यांना शेक मिळावा म्हणून. आणि यंत्राची एक डबी होती. तिला गारठा लागला की यंत्र सुरू, ऊब लागली की बंद. तीही राजांनी सिंहासनाशेजारी, चुलीला खेटून लावली. महालातले सगळे नोकर हुकूम सिंहासनापाशी घेतात, मग यंत्र काय जावई लागून गेलं? झालं! चूल पेटली की डबीला वाटे, सगळीकडे वैशाख आहे. यंत्र गप्प बसे. राजे घामाघूम आणि बाकीचा महाल काकडत.

"उद्या संध्याकाळपर्यंत ऊब आली नाही, तर मी माहेरी चालले," राणीसाहेब म्हणाल्या आणि गोधड्या सावरत निघून गेल्या.

राजे हबकले. पण हबकला तरी हट्टी माणूस हट्टीच. "चूल हलणार नाही," ते म्हणाले. "डबी हलणार नाही. राणीमहालात दुसरी चूल पेटणार नाही, छतावरची चित्रं काळी होतील. पण ऊब आली पाहिजे. कोण आणतो बोला!"

सगळे दरबारी आपापल्या जोड्यांकडे बघू लागले. प्रधानांची नजर मात्र भिंतीशी उभ्या असलेल्या ठकूवर गेली. ठकू पंखेवाली. उन्हाळाभर छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी ओढायची. थंडीत तिला काम नसायचं, पण पगार चालू असायचा. प्रधानांच्या डोळ्यांत हे केव्हापासून सलत होतं.

"महाराज, हिला सांगा," प्रधान म्हणाले. "रिकामीच असते."

"ठरलं!" राजे म्हणाले. "ठकू, तुझ्या पंख्याने राणीमहालात ऊब आण. उद्या संध्याकाळपर्यंत नाही आली, तर परवापासून पंखा बंद आणि तूही."

ठकूच्या घरात खाणारी तोंडं पाच आणि कमावणारी ती एकटी. पंख्याने कधी कुणाला ऊब आली आहे? ती चुलीकडे बघत राहिली, मग डबीकडे, मग राणीमहालाच्या बंद दाराकडे.

"म्हाराज," ती म्हणाली, "चूल हलवायची न्हाई, डबी हलवायची न्हाई. दारांचं आपण काय बोलला न्हाई."

"दारांचं काय हवं ते कर."

दुसऱ्या दिवशी ठकूने छतावरचा पंखा उतरवला, राणीमहालाचं दार सताड उघडलं आणि त्या दारातच जमिनीलगत पंखा टांगला. दरबारी पोट धरून हसले. राणीसाहेब गोधडीतून ओरडल्या, "अगं मेले, थंडीत मला वारा घालतेस?"

"तुमास्नी न्हाई, राणीसाहेब. तुमच्या थंडीला घालते."

आणि तिने दोरी ओढायला सुरुवात केली. जमिनीवर साचलेला गारठा हलला, उंबरा ओलांडून दरबारात शिरला. आधी प्रधानांची पावलं गारठली. मग राजांनी मोजडीतली बोटं आखडून घेतली, शाल मागवली, अंगावर घेतली आणि शिंकले. चुलीची ऊब वरच्या अंगाने राणीमहालाकडे निघाली होती. एवढ्यात गारठा डबीलाही लागला, ती टक् करून वाजली, आणि इतके दिवस मुकं असलेलं यंत्र घुमायला लागलं. सगळ्या दालनांत ऊब सुटली.

राजांना त्याचं काय! ते लाल होऊन ओरडले, "माझ्या दरबारात थंडी कुणी आणली?"

दोरी न सोडता ठकू म्हणाली, "म्या आणली, म्हाराज. आपणच म्हणाला हुता, थंडीला समोर आणा, मग बघतो. ती बिचारी रोज यायला बघत हुती, पण दार लावलेलं. आज आली. तिला आपण बघितलं आन् यंत्रानं बी बघितलं."

तेवढ्यात राणीसाहेब दारात आल्या, अंगावर एकही गोधडी नव्हती. राजांनी त्यांच्याकडे बघितलं, ठकूकडे बघितलं, आणि पुन्हा एकदा शिंकून खदाखदा हसत सुटले.

त्यांनी अंगावरची शाल काढून ठकूला दिली, तिची नोकरी बारमाही पक्की केली आणि ती जेवून येईपर्यंत पंख्याची दोरी प्रधानांच्या हातात दिली.